पोच

आमच्या गावात चर्चचं छप्पर कचेरीचं आहे.
एकोणीसशे पाचच्या कायद्याने
भिंती गावाच्या, कौलं गावाची, घंटासुद्धा गावाची.
आत जे पुटपुटलं जातं
तेवढं आमचं नाही.
म्हणून ऑक्टोबर लागला की मी, ओदिल व्हेसाद,
आठवड्यातून अडीच दिवसांची कारकून,
वेदीच्या डाव्या अंगाला बादली ठेवून येते.
बादलीवर शिक्का आहे: कचेरीची मालमत्ता.
पाण्याचं काय ते अजून ठरलेलं नाही.

डिसेंबरात कचेरीच्या दालनात,
जन्ममृत्यूच्या खिडकीपाशी
कुणीतरी दरवर्षी येशूची गव्हाणी मांडायचं.
कुणीतरी म्हणजे मीच.
चुरगळलेला निळा कागद म्हणजे आभाळ,
ओढ्याकाठचं शेवाळ,
एका कानाचं गाढव, सुऱ्यांना धार लावणारा,
आणि एक मेंढपाळ, तोंडावळ्याने थेट आमच्या मेयरसारखा,
असं मेयरच म्हणतात.

यंदा पत्र आलं. रजिस्टर्ड.
समोरच्याच घरातून, ल्युसियँ काझालकडून,
जन्मभर टपाल वाटलेला माणूस.
चौक ओलांडायला चाळीस पावलं,
पत्र मात्र रोदेझला गेलं, तिथे मुक्काम केला,
आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर.
'जी इमारत सगळ्यांची, ती कुणाच्याच देवाची नाही.'
वाक्यात खोट सापडेना.
मी दोनदा शोधली.

मेयर देल्प्युएश म्हणाले, वीस वर्षं दिसत नव्हतं का त्याला?
मग चष्मा पुसला.
मग म्हणाले, कायदा त्याच्या बाजूने आहे,
आणि छपराचं बिल आपल्या.

पावाच्या खोक्यात भरून नेलं सगळं.
फादर आनिसे बेनिनचे, अकरा गावं सांभाळतात,
आमच्या वाट्याला महिन्यातला तिसरा रविवार.
कुलूप मीच काढलं. किल्ली आमच्याचकडे असते,
अग्निशमनाचा पंप आणि स्मशानाचं फाटक
यांच्यामधल्या खिळ्यावर.
बादलीपासून चार हात दूर मांडलं.
गाढवाच्या पाठीवर तरी एक थेंब पडला.
सरकवलं.

चोवीस तारखेला दुपारी कपाट लावताना
शिक्क्यांच्या ड्रॉवरमध्ये बाळ सापडलं.
त्याला त्या रात्रीच ठेवायचं असतं ना, आधी नाही,
म्हणून गेल्या वर्षीच्या घरपट्टीच्या परिपत्रकात
गुंडाळून ठेवलं होतं मी.
शेजारी प्रजासत्ताकाचा शिक्का.
त्यावरही एक बाई आहे.
तिच्या मांडीवर कुणी नाही.

ड्रॉवर ही सार्वजनिक जागा आहे का?
मी खरोखरच परिपत्रकं चाळली.
तेवढ्यात काझाल आला, किल्लीसाठी.
मनोऱ्यावरचं घड्याळ गावाचं,
त्याला चावी देतो तो, बावीस वर्षं,
एकशे सहा पायऱ्या चढून, दर आठवड्याला,
आणि खाली प्रार्थनेला एकदाही थांबलेला नाही.
बायकोच्या अंत्यविधीलासुद्धा
तो बाहेर, कठड्यावर बसला होता, टोपी हातात.

त्याने ड्रॉवरकडे पाहिलं.
'हा राहिला?'
'राहिला.'
'द्या. मी तसाही तिकडेच चाललोय.'

एका खिशात तेलाची कुपी होती.
दुसऱ्यातला रुमाल त्याने काढून टेबलावर ठेवला,
जागा केली.

मी म्हटलं, सही लागेल.
त्याला त्यात वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं असावं.
रजिस्टर फिरवून दिलं.
वस्तू: एक. माती. लांबी सात सेंटिमीटर.
पुढचा रकाना: स्वरूप.
धार्मिक, सांस्कृतिक, इतर.
पेन तिथे थांबलं. बाहेर अंधारत होतं.
मग तिन्ही शब्दांच्या खाली,
पाकिटांवर लिहायचा त्याच ठाशीव अक्षरात
त्याने लिहिलं: नाजूक.

पाचचे ठोके त्या दिवशी
चार मिनिटं उशिरा पडले.
मी नोंद केली नाही.
रुमाल अजून माझ्याकडेच आहे.